वसुधानंत आणि युरोपचा नवा फॉर्म

(ब्रिटनमधल्या एका मराठी मंडळाच्या संक्रांत समारंभात जानेवारी 2026 मध्ये दिलेलं व्याख्यान. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

मंडळी, तिळगूळ घ्या आणि पुढचा पाऊण तास माझ्याशी गोड बोला. पाऊण तास असं सेक्रेटरीबाईंनी फोनवर कबूल केलं होतं. इथं आल्यावर कळलं की हळदीकुंकू लांबलंय, हॉल साडेसहाला रिकामा करून द्यायचाय आणि मागे मिसळीचा रस्सा गरम करायला ठेवलाय. त्याचा वास तुम्हाला येतोय, मलाही येतोय. तेव्हा भरभर बोलतो. हे वाक्य मी दर वर्षी म्हणतो, असं पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या हिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘युरोपप्रवासाची नवी परवानगी : कोणाला लागेल, कागद कोणते’. या परवानगीचं नाव एटियास. ऐकायला एखाद्या ग्रीक देवासारखं वाटतं, पण ती ‘युरोपियन ट्रॅव्हल इन्फर्मेशन अँड ऑथरायझेशन सिस्टिम’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. ज्यांना युरोपात जायला व्हिसा लागत नाही, त्यांनी निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची ही परवानगी. कायदा झाला 2018 साली, आणि सुरू होणार म्हणतात ते या वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत. आठ वर्षं! आपल्याकडे उड्डाणपूल रखडला की आपण कुणाकुणाला नावं ठेवतो ते आठवा.

कोणाला, काय, कधी, सगळं सांगतो. पण आधी माझं एक जुनं दुखणं. आपला माणूस हा फॉर्म भरताना पैशापाशी अडणार नाही, कागदपत्रांपाशीही नाही. तो अडणार पहिल्याच पानावर, नावापाशी.

साल 2007. मी तेव्हा ब्रिटिश झालो होतो, हिचा पासपोर्ट अजून भारताचा. इटलीला जायचं म्हणून हिच्यासाठी आणि धाकट्यासाठी शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज केला. कोणत्या वकिलातीत ते सांगत नाही. खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी, अतिशय सभ्य. त्यानं तीन पासपोर्ट पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग म्हणाला, “बाईंचं नाव वसुधा अनंत. मुलाचं अमेय अनंत. म्हणजे अनंत हे तुमच्या घराण्याचं नाव.” मी म्हटलं, “नाही हो, अनंत म्हणजे मी.” “पण तुमचं नाव तर अनंत गजानन आहे.” “गजानन माझे वडील.” तो थांबला, माझ्याकडे पाहून जरा हळव्या आवाजात म्हणाला, “म्हणजे तुम्ही या कुटुंबात दत्तक आलात का?”

हसू नका. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आपण बाईच्या नावामागे नवऱ्याचं नाव लावतो, मुलाच्या नावामागे बापाचं, आणि पासपोर्टात त्याला वेगळी जागा नसल्यामुळे ते जाऊन बसतं पहिल्या नावाच्या शेजारी. म्हणजे कागदोपत्री माझ्या बायकोचं पाळण्यातलं नाव ‘वसुधा अनंत’. ती पाळण्यात होती तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात होतो!

बरं, तिचं पाळण्यातलं नाव वसुधा नाहीच. ते सुलभा. लग्नात आमच्या आत्यानं ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि म्हणाली, काढ नाव. मी वसुधा काढलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. हिला मात्र चांगलं आठवतं, ते कारण ती चारचौघांत सांगत नाही. तर त्या तांदळातल्या नावाचं पुढं गॅझेट झालं, गॅझेटचा पासपोर्ट झाला. तांदळाची त्याच संध्याकाळी खिचडी झाली असेल, नाव मात्र युरोपच्या संगणकापर्यंत गेलं.

व्हिसा मिळाला. रोम पाहिलं. परतीच्या वेळी विमानतळावर गेटपाशी आम्ही दशम्या खात बसलोय. आठवड्याच्या दशम्या, त्यावर वेगळं व्याख्यान होईल. लाउडस्पीकरवर पुकारा झाला, “मिसेस वसुधानंत.” पुन्हा, “मिसेस वसुधानंत, शेवटची सूचना.” ही मला म्हणते, “कोणी स्वामीजी दिसताहेत. शिष्य वगैरे असतील बरोबर, म्हणून उशीर.” मलाही पटलं. स्वरूपानंद, वसुधानंत, चालतंय की. ‘मिसेस’ स्वामी कसे असतील हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी गेटवरची मुलगी दार लावायला लागली तेव्हा मी बोर्डिंग पास उलटून पाहिला. वसुधा आणि अनंत यांच्यामधली मोकळी जागा छपाईत गळाली होती. आ अधिक अ बरोबर आ. त्या विमान कंपनीच्या यंत्रानं आमचा बिनचूक सवर्णदीर्घ संधी केला होता. शाळेत मला त्यासाठी दोन गुण मिळायचे, इथं विमान सुटत होतं.

तुमच्यापैकी प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा आहे, मला ठाऊक आहे. आणि नुसतं नाव नव्हे, जन्मतारीख घ्या. 1 जूनला जन्मलेले इथं किती? हात वर करा. बघा, मोजत नाही, पण निम्मी तिसरी रांग वर गेली. त्या सगळ्यांचा जन्म शाळेच्या कचेरीत झालेला आहे. माझाही. आई सांगायची दिवाळीचा पाडवा, गुरुजींनी लिहिलं 1 जून. पण त्याचा आज फायदा सांगतो, थांबा.

एक आइसलंडचा माणूस तेवढा आपल्याला समजून घेईल. त्यांच्याकडे आडनावच नसतं म्हटलं तरी चालेल. बापाच्या नावाला ‘सोन’ किंवा ‘दोत्तिर’ लावायचं, झालं. भाऊ-बहिणीची शेवटची नावं वेगळी. त्या देशात मी दत्तक ठरलो नसतो.

(प्रेक्षकांतून : “काका, फॉर्म!”)

हो, फॉर्म. सेक्रेटरीबाई घड्याळ दाखवताहेत. बारा मिनिटं? दहा. ठीक आहे.

माझा मुद्दा असा की या एटियासच्या फॉर्मात तुमचं आडनाव आणि नाव तर विचारतातच, शिवाय जन्मावेळचं आडनाव विचारतात, तुम्हाला आणखी कोणत्या नावानं ओळखतात ते विचारतात, आणि आई-वडिलांची पहिली नावं विचारतात. इतकी वर्षं आपण वडिलांचं नाव न विचारता सांगत आलो, आता युरोप स्वतःहून विचारतोय. तर माहेरचं आडनाव जन्मावेळच्या आडनावाच्या रकान्यात. सुलभा जाईल ‘इतर नावं’मध्ये. आणि स्वतःचं नाव पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला ज्या दोन ओळी आहेत ना, प्रत्येकी 44 अक्षरांच्या, मधे मधे बाणासारख्या खुणा असलेल्या, त्यांत जसं आहे तसंच. तिथं वसुधा आणि अनंत दोन्ही असतील तर दोन्ही. आपल्या मनानं अनंत गाळायचा नाही. (हशा.) सीमेवरचं यंत्र त्या दोन ओळी वाचतं, लग्नपत्रिका वाचत नाही.

आता कोणाला लागेल. इथं सगळ्यात मोठा गोंधळ आहे. तुम्ही राहता कुठे हे बघत नाहीत, पासपोर्ट कोणाचा हे बघतात. ब्रिटिश, अमेरिकन, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, सिंगापूरचा पासपोर्ट म्हणजे व्हिसा नको, पण एटियास हवं. मॉरिशसच्या मराठी मंडळींनाही, इस्रायलच्या बेने इस्रायलींनाही, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंनाही, तेच. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या लोकांना भारत सरकार देतं त्या ओसीआय कार्डाचा इथं काही उपयोग नाही. ते भारतात शिरायला, युरोपात नव्हे. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा कायम वास्तव्याचा परवाना असो की अमेरिकेचं ग्रीन कार्ड, एटियास मिळणारच नाही. शेंगेन व्हिसाच घ्यायचा, 90 युरो, 30,000 युरोंचा प्रवास विमा, बोटांचे ठसे, सगळं आलं. तुमचे आई-बाबा पुण्याहून येऊन इथून पॅरिसला जाणार असतील तर त्यांचा व्हिसा तिकडूनच काढून आणा. एकाच घरात नवरा एटियासवर आणि बायको व्हिसावर, हे होणार आहे. आमच्याकडे 2007 मध्ये असंच झालं होतं, फक्त तेव्हा एटियास नव्हतं.

गोव्याचे कोणी आहेत? पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर तुम्ही युरोपियन युनियनचे नागरिक, तुम्हाला काहीच नको. मिसळ आधी तुम्ही घ्या. आयरिश पासपोर्टवाल्यांनाही नको. आणि आपण डब्लिनला जाणार असू तर तिथंही नको, आयर्लंड यात नाही. एकूण देश 30 : शेंगेनचे 29 आणि सायप्रस. नॉर्वे, स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीत, पण यात आहेत.

कागद. हे ऐकून निराश व्हाल, कारण फाइल लागत नाही. पासपोर्ट, ईमेल, पैसे भरायला कार्ड. फोटो नाही, ठसे नाहीत, बँकेचं स्टेटमेंट नाही. अर्ज ऑनलाइन, शिक्षण, नोकरी, पहिल्यांदा कोणत्या देशात उतरणार हे विचारतील. मग गुन्ह्यात शिक्षा झालीय का, युद्धक्षेत्रात गेला होतात का, कुठून बाहेर काढलं होतं का. खरं लिहा. बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर येईल. अडलं तर चार दिवस, जादा माहिती मागितली तर आणखी 14, मुलाखतीला बोलावलं तर 30. म्हणून तिकिटाच्या आदल्या रात्री अर्ज करू नका, हे मी माझ्या मुलाकडे बघून म्हणतोय. एकदा मिळालं की तीन वर्षं, पण पासपोर्ट त्याआधी संपला तर त्याच्याबरोबर तेही संपलं. आणि आत राहायचं ते कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच.

पासपोर्टाचं एक जपा. काढून दहा वर्षांच्या आतला हवा आणि युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. सप्टेंबर 2018 च्या आधी काढलेल्या ब्रिटिश पासपोर्टांत जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने पुढे जोडून द्यायचे, नऊपर्यंत. ते जोडलेले महिने युरोप धरत नाही. त्यामुळे शेवटची तारीख पाहू नका, काढल्याची तारीख पाहा. घरी गेल्यावर, आत्ता नको.

गेल्या 12 ऑक्टोबरपासून सीमेवर फोटो आणि ठसे घ्यायला लागलेत ना, तो वेगळा प्रकार. त्याला पैसे नाहीत, आधी अर्जही नाही. दोन्ही एकत्र करू नका.

फी 20 युरो. मूळ कायद्यात सात होती. अठराच्या आतल्यांना आणि सत्तरीपुढच्यांना फी माफ, अर्ज मात्र त्यांनीही करायचा. आता 1 जूनचा फायदा कळला? गुरुजींनी मला पाच महिने आधी म्हातारं केलं, त्याचे पैसे आज फिटले.

शेवटचं, आणि हे खरंच महत्त्वाचं. आपल्यातल्याच एका गृहस्थांनी एका वेबसाइटवर एटियाससाठी पैसे भरून ठेवलेत. नाव सांगत नाही, ते मान खाली घालून बसलेत. अहो, अजून अर्ज घेणंच सुरू झालेलं नाही! खऱ्या वेबसाइटचा पत्ता ‘युरोपा डॉट ईयू’ असा संपतो. सुरू झाल्यावरही पहिले निदान सहा महिने सवलतीचे आहेत, परवानगी नाही एवढ्याच कारणानं परत पाठवणार नाहीत. कोणी घाई करायला लावत असेल तर त्याला तिळगूळ देऊन वाटेला लावा.

हॉलवाल्यानं मागचे दिवे घालवले. एक प्रश्न घेऊ? पहिल्या रांगेतून हात आलाय. अरे, आमचीच ही. विचार.

“अहो, त्या ‘इतर नावां’च्या रकान्यात, घरी तुम्ही मला ज्या हाका मारता त्याही लिहायच्या का?”

चला, मिसळ घ्या.