काचेवरचे ओघळ

श्रोतेहो, नमस्कार. दसऱ्याच्या सुमारास घरोघरी साफसफाई निघते, आणि आपल्या सांगलीकडे गळीत हंगामही तोंडावर आलेला असतो. खिडक्यांवर पावसाळ्याची माती सुकलेली असते, पुढे तिच्यावर चिपाडाची काळी राख बसते. तासभर घासूनही ऊन पडलं की काचेवर पांढरे ओघळ दिसतातच. घासणं कमी पडलं म्हणून नाही. पाणी काचेवरच सुकलं म्हणून.

तेव्हा उन्हात तापलेली काच धुवायला घेऊ नका. पूर्वेची खिडकी दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. सुरुवात जाळी आणि ट्रॅकपासून, म्हणजे काच सरकते त्या खाचेपासून, तीही कोरडीच. ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने मोकळी करून उचला; आधी पाणी ओतलं तर चिखल कोपऱ्यात जाऊन बसतो. काचेवरची राखही मऊ ब्रशने झटका. दाबून पुसली तर तिच्यातल्या कणांनी चरे पडतात, आणि ते काही केल्या जात नाहीत.

आता पाच लिटर पाण्यात भांड्यांचं लिक्विड चहाचा एक चमचा. बस्स. जास्त घातलं की साबणाचाच थर राहतो. स्पंजने काच भिजवा, वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरडी करून घ्या आणि तिथून रबरी वायपर किंचित तिरका धरून एका दमात खाली ओढा. प्रत्येक वेळी रबर पुसायचं, पुढचा पट्टा आधीच्यावर दोन बोटं चढवायचा. दर वेळी एकाच जागी रेघ राहत असेल तर रबराची धार तुटलीय, ते बदला. एक युक्ती: आतून उभे पट्टे ओढा, बाहेरून आडवे. मग राहिलेली रेघ कुठल्या बाजूची, ते लगेच कळतं.

वर्तमानपत्राने काच चमकते खरी, पण पांढऱ्या चौकटीला शाई लागते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके साबणाने निघत नाहीत, ते क्षार असतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, त्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठिपक्यांवर चिकटवून ठेवा, मग धुवा. मात्र खिडकीखाली संगमरवर, कडप्पा किंवा शहाबादी फरशी असेल तर आधी ती झाका. आम्ल ओघळलं की दगडाची चकाकी जाते. संडासाचं ॲसिड तर खिडकीजवळ आणूच नका, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

वरच्या मजल्यावर बाहेरची बाजू पुसायला कठड्यावर चढू नका. सरकती काच बहुधा वर उचलून, खालची कड आत ओढली की निघते. पण हे काम दोघांचं.

शेवटी ट्रॅकची बाहेरच्या अंगाची छोटी भोकं खराट्याच्या काडीने मोकळी करा. ती बुजली की पावसाचं पाणी तुंबून घरात येतं. पेलाभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेर पडलं, की भोकं साफ झाली.