जागा रिकामी ठेवा

नमस्कार, श्रोतेहो. दहावीचं मूल ज्या घरात आहे, तिथे सध्या टीव्हीचा आवाज बारीक झाला असेल आणि पाहुण्यांना "परीक्षा झाली की या" असं सांगून झालं असेल. वेळापत्रक, झोप, खाणंपिणं यावर सांगणारे घरोघरी चार जण असतात, त्यांत माझी भर नको. मी बोलणार आहे रिकाम्या जागेबद्दल. धडा वाचून पुस्तक मिटल्यावर आपल्याला काय येत नाही, आणि ते नेमकं कुठे आहे, हे ओळखण्याबद्दल. पुन्हा सांगतो: काय येतं ते नव्हे, काय येत नाही ते.

विज्ञान भाग 1 मधला दुसरा धडा मुलांना पाठ असेल, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण. मूलद्रव्यं गुणधर्मांनुसार क्रमाने लावण्याचे प्रयत्न: डोबेरायनरची त्रिके, न्यूलँड्सची अष्टके, मग मेंडेलीव्हची आवर्तसारणी. गुण-दोष लिहा, दोन मुद्दे, दोन गुण, की झालं. पण त्या धड्यात जी खरी गोष्ट आहे ती दोन मुद्द्यांत मावत नाही.

साल 1869. रशियात सेंट पीटर्सबर्गला दिमित्री मेंडेलीव्ह आपल्या विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होता. तेव्हा 63 मूलद्रव्यं ठाऊक होती. ती शिकवायची कोणत्या क्रमाने, हा त्याच्यापुढचा प्रश्न. म्हणजे बघा, ही सारणी जन्माला आली ती अभ्यासक्रमाची मांडणी करताना! हे सगळं त्याला स्वप्नात दिसलं अशी एक दंतकथा आहे. मुलांना ती फार आवडते, कारण दुपारच्या झोपेला शास्त्राधार मिळतो. पण तो त्या प्रश्नावर आधीपासूनच झटत होता.

आता नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. तो मूलद्रव्यं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडत होता, आणि सारखे गुणधर्म असलेली एकाखाली एक येतील असं बघत होता. मांडत मांडत तो जस्तापाशी आला. जस्ताचं अणुवस्तुमान 65. त्याच्या पुढचं ठाऊक असलेलं मूलद्रव्य म्हणजे आर्सेनिक, अणुवस्तुमान 75. क्रमाने गेलं तर आर्सेनिक बसायचं अ‍ॅल्युमिनिअमच्या खाली. पण आर्सेनिक वागतं फॉस्फरससारखं, अ‍ॅल्युमिनिअमशी त्याचं काही जुळत नाही. तुम्ही-आम्ही काय केलं असतं? क्रम आला ना, बसवून टाक, कोण बघतंय! मेंडेलीव्हने आर्सेनिक उचललं आणि दोन घरं पुढे, फॉस्फरसच्या खाली नेऊन ठेवलं. मधली दोन घरं रिकामी सोडली. एक अ‍ॅल्युमिनिअमच्या खालचं, एक सिलिकॉनच्या खालचं. दोन घरं, रिकामी.

बरं, रिकामी सोडून तो उठून गेला नाही. 1871 साली त्याने त्या घरांवर पाट्याच लावल्या. अ‍ॅल्युमिनिअमच्या खालच्या न सापडलेल्या मूलद्रव्याचं नाव एका-अ‍ॅल्युमिनिअम. हे 'एका' म्हणजे संस्कृतातलं 'एक', अ‍ॅल्युमिनिअमपासून एक घर खाली. (संस्कृत केवळ पैकीच्या पैकी गुणांसाठी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भाषा गुणपत्रिकेबाहेरही कामाला येते, पार रशियातसुद्धा.) आणि पाटीखाली त्याने अंदाज लिहिले. अणुवस्तुमान साधारण 68, घनता साधारण 5.9, द्रवणांक कमी. धातू पाहिलेला नाही, हातात घेतलेला नाही. शेजारीपाजारी कोण राहतं त्यावरून सगळा हिशोब.

चार वर्षांनी, 1875 मध्ये, फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाच्या शास्त्रज्ञाला जस्ताच्या खनिजात एक नवं मूलद्रव्य सापडलं. वर्णपटात दोन जांभळट रेषा दिसल्या, त्यावरून. त्याचं नाव त्याने ठेवलं गॅलिअम. मोजमापं जाहीर केली, घनता 4.7. मेंडेलीव्हने ते वाचलं आणि कळवलं, हे तर माझं एका-अ‍ॅल्युमिनिअम. पण तुमची घनता चुकली, ती 5.9 च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. विचार करा, ज्याने धातू शोधला, हातात घेतला, मोजला, त्याला हजारो मैलांवरचा माणूस सांगतोय की तुझं मोजमाप चुकलं! ब्वाबोद्रांने धातू पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजला. घनता आली 5.9. पाच पूर्णांक नऊ दशांश, श्रोतेहो!

दुसरं घर, सिलिकॉनच्या खालचं, 1886 मध्ये भरलं. ते जर्मेनिअम. आणि 'द्रवणांक कमी' हा अंदाज? गॅलिअमचा द्रवणांक 30 अंश सेल्सिअसच्या जरा खाली आहे, तळहातावर ठेवलं तर वितळतं. मे महिन्यात अकोल्याला कपाटात ठेवलं तर दुपारी वाटीत रसच मिळायचा.

घड्याळाकडे बघता बराच वेळ मेंडेलीव्हने खाल्ला. असो. त्याची रीत अभ्यासात अशी वापरायची. धडा वाचला की पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवायचं. पाठकोरा कागद घ्यायचा आणि 20 मिनिटं धड्याचा सांगाडा लिहायचा: मथळे, सूत्रं, आकृती, कारणं. जे आठवत नाही तिथे थांबायचं नाही, चौकट काढायची. आणि नुसती चौकट नाही, तिच्यावर पाटी लावायची. 'इथे तीन फरकांपैकी दुसरा', 'इथे एकक'. शेजारी पेन्सिलीने अंदाज लिहायचा. मग पुस्तक आणायचं आणि लाल पेनाने चौकटी भरायच्या. तिसऱ्या दिवशी अख्खा धडा नाही, फक्त त्या चौकटी पुन्हा लिहायच्या. फक्त चौकटी. फसतं कुठे, तर मधेच पुस्तक उघडण्यात. एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'हे येत होतं की मला' असं वाटतं, आणि ती चौकट कायमची लपते. पिवळ्या-हिरव्या पेनांनी ओळी रंगवण्याचाही तोच तोटा. पुस्तक देखणं होतं, डोकं कोरं राहतं.

गणितात तर या चौकटी प्रश्नपत्रिकेतच छापून येतात. भाग 1 आणि भाग 2, प्रत्येकी 40 गुण, प्रत्येकी 2 तास. त्यात 'कृती पूर्ण करा' हे 40 पैकी 7 गुणांचं असतं. नुसते चौकटीतले आकडे लिहून पुढे पळू नका, कृती पूर्ण उतरवा. 40 गुणांना 120 मिनिटं म्हणजे एका गुणाला 3 मिनिटं. 3 गुणांच्या उदाहरणाला 9 मिनिटांवर वेळ गेला की पान रिकामं सोडा, पुढे चला.

एक उदाहरण कागदावर लिहून घ्या. दोन एक्स वर्ग, वजा पाच एक्स, वजा तीन, बरोबर शून्य. वर्गसमीकरणाचं सूत्र वापरायचं. ए म्हणजे 2, बी म्हणजे उणे 5, सी म्हणजे उणे 3. बी वर्ग 25. वजा चार ए सी म्हणजे वजा 4 गुणिले 2 गुणिले उणे 3, म्हणजे अधिक 24. बेरीज 49, वर्गमूळ 7, उत्तरं 3 आणि उणे अर्धा. मुलं कुठे घसरतात? सी चं उणे चिन्ह सुटतं. मग 25 वजा 24, बरोबर 1. आणि 1 चं वर्गमूळही छान 1 येतं! उत्तरं येतात दीड आणि एक, दिसायला अगदी सुबक, त्यामुळे संशयच येत नाही. ही आपली 4.7 घनता. म्हणून उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. 3 घाला: 18 वजा 15 वजा 3, शून्य. दीड घालून बघा, साडेचार वजा साडेसात वजा तीन, उणे सहा. पकडला गेला चोर. अर्ध्या मिनिटाचं काम. किंमती घालताना कंस करायचा, प्रत्येक वेळी कंस करायचा, म्हणजे चिन्ह सुटत नाही.

विज्ञानाच्या उदाहरणांत सूत्र, किंमती, उत्तर, एकक अशा चार पायऱ्या. सर्वांत आधी सेंटिमीटर आणि मीटरची सरमिसळ काढून टाका. भिंगाच्या आकृतीत किरणांना बाण हवेत आणि आभासी प्रतिमेकडे जाणाऱ्या रेषा तुटक.

भाषांचं थोडक्यात. 80 गुणांना 3 तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. उपयोजित लेखन शेवटी येतं आणि तिथेच वेळ कमी पडतो. पत्राचा सांगाडा, म्हणजे दिनांक, प्रति, विषय, मायना, आधी उभा करा, मजकूर नंतर. आणि किती पुरवण्या लावल्या हे बाहेर येऊन सांगण्यात कसली फुशारकी? पुरवणी मोजून गुण देत नाहीत.

इतिहासात सनावळ्यांची धास्ती घेतात, पण 'सकारण स्पष्ट करा' ला सनावळीपेक्षा 'कारण' आणि 'म्हणून' हे दोन शब्द लागतात. भूगोलात भारत आणि ब्राझील समोरासमोर ठेवून वाचा. दोन रकाने करा, एका बाजूचं आठवलं आणि दुसरीकडचं नाही, तर ती चौकट. भारतात उष्ण कटिबंधीय चक्रीवादळं येतात, ब्राझीलच्या किनाऱ्याला ती सहसा येत नाहीत. का? पाटी लावा, अंदाज लिहा, मग पुस्तक. नकाशात अ‍ॅमेझॉनचं मुख, माराजो बेट, मनौस बिनचूक दाखवलं, पण सूची दिली नाही, असं होऊ देऊ नका. नकाशा भरला की लगेच सूची, आणि नकाशा उत्तरपत्रिकेला बांधल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. दोरा पक्का बांधा. नमस्कार.