बोलावणं

(पहाट. ओल्या गवतातून चालणारे बूट.)

हे बूट उसने आहेत. टाचेला सैल होतात, म्हणून आत दोन-दोन मोजे. रेनकोटही उसनेच. काल संध्याकाळी ब्रिस्टलमध्ये मिनीबसच्या दाराशी मापं बघून ते वाटले गेले. इंग्लंडच्या रानात पाऊस धरूनच चालावं लागतं, आणि पावसाचे चांगले कपडे प्रत्येक घराला परवडत नाहीत.

समरसेटचा हा पाणथळ भाग शहरापासून गाडीने तासाभरावर. सोमाली, बांगलादेशी, पाकिस्तानी, कॅरिबियन घरांतली ही मुलं ब्रिस्टलमध्येच वाढली. तरी यातली बरीचशी इथे पहिल्यांदाच आली आहेत, निसर्गशिबिरासाठी.

(झुडपांमधली जाळी. अगदी जवळून.)

आधी दिसतच नाही. काळ्या, केसासारख्या बारीक धाग्याची ही जाळी दोन काठ्यांमध्ये ताणलेली असते आणि तिला आडव्या झोळ्या असतात. उडत आलेला पक्षी त्या झोळीत अलगद उतरतो. सोडवायचं ते आधी पाय, मग पंख, मग डोकं. घाई केली की गुंता वाढतो. जाळीपाशी सारख्या फेऱ्या मारायच्या, कारण पक्ष्याला ताटकळत ठेवायचं नसतं. परवाना असलेला रिंगरच, म्हणजे पक्षी पुढे ओळखू यावा म्हणून त्याच्या पायात नंबराची रिंग घालणाराच, हे काम करू शकतो, आणि त्या परवान्यासाठी रीतसर शिकावं लागतं. ब्रिटनमध्ये पक्ष्यांच्या पायात रिंग घालायला १९०९ मध्ये सुरुवात झाली.

(कापडी पिशवी. आत काहीतरी हलतंय.)

ब्लू टिट, छोटासा निळा-पिवळा पक्षी. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, पाठ तळहाताला टेकलेली. पायात हलक्या धातूची रिंग, तिच्यावर नंबर. खास पकडीने ती मिटायची, पण पायावर सहज फिरेल इतकी मोकळी ठेवून. पंख पट्टीवर मोजायचा. मग डोकं खाली करून पक्षी छोट्या डबीत, आणि डबी तराजूवर. ११ ग्रॅमच्या आसपास.

नंबर वहीत उतरवायचं काम या मुलीकडे आहे. ती एकेक आकडा मोठ्याने वाचते, लिहिते, पुन्हा वाचते.

(तंबू. शेकोटीची राख.)

२०१५ मध्ये माया-रोझ क्रेग १३ वर्षांची होती. वडील गोरे ब्रिटिश, आईचं घराणं बांगलादेशी, आणि पक्ष्यांचं वेड अगदी लहानपणापासूनचं. आपल्या वयाच्या मुलांसाठी तिने निसर्गशिबिर भरवायचं ठरवलं. नावं आली, ती सगळी गोऱ्या मुलांची. शहरातल्या वस्त्यांमधली मुलं यावीत म्हणून तिने खटपट केली, तेव्हा त्यातली काही आली. ही मुलं निसर्गात का येत नाहीत, याच प्रश्नावर पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयात तिने परिषद घेतली आणि २०१६ मध्येच ‘ब्लॅक टू नेचर’ ही संस्था उभी राहिली. विषय जुनाच होता. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्लॅक एन्व्हायर्न्मेंट नेटवर्क’ या संस्थेने तो ब्रिटनमध्ये मांडला होता. पण एका शाळकरी मुलीने तो हातात घेतल्यावर इतर मुलांनाही तो आपला वाटला.

(मिनीबसची काच. बाहेर उभ्या आया.)

नुसतं पोस्टर लावून कुणी येत नाही. आईशी बोलावं लागतं, तिच्या भाषेत, तिच्या घरी बसून. मुलगी रात्री कुठे झोपणार? मुलींचे तंबू वेगळे ना? जेवण हलाल आहे ना? सोबत आपल्यातलं कोण आहे? यात आडमुठेपणा कसला? अनोळखी रानात लेक पाठवणारी कुठलीही आई हेच विचारेल. त्यातून, खेड्यातल्या रस्त्यावर लोक वळून बघतात, कधी तोंडावर बोलतातही, हे तिने स्वतः सोसलेलं असतं. आणि एकदा का तिची खात्री पटली, की पुढच्या वेळी शेजारच्या दोन घरांना तीच सांगते.

यातल्या कित्येकांचे आजोबा शेतकरी. नदीचा पूर, पिकावरची पाखरं, सगळं त्यांना तोंडपाठ. ब्रिटनला आले, कारखान्यात लागले, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिले. नातवाला त्यातलं फारसं काही मिळालं नाही.

(रहदारीचा रस्ता. क्षणभर.)

रान लांब, रस्ता मात्र दाराशी. एला किसी-डेब्रा ही मुलगी दक्षिण लंडनमध्ये अशाच एका रस्त्याजवळ राहत होती. २०१३ मध्ये, ९ वर्षांची असताना, ती दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं.

(पुन्हा पाणथळ. ऊन आलंय.)

नंबर लिहून झाला. आता हात सपाट धरायचा, बोटं मिटायची नाहीत.

(शांतता. मुलीचा तळहात. पक्षी. मग रिकामा तळहात.)

पुढची पिशवी आली. तिच्या मागे रांगेत आता चौघं उभी आहेत.