मटार, मासळी आणि मीटर

नमस्कार श्रोतेहो.

फ्रीज दुरुस्तीचं काम करत बेळगावात माझं आयुष्य गेलं. हल्ली गिऱ्हाईक मेकॅनिकला मशीन बिघडल्यावर बोलावतं, तसं मशीन घ्यायच्या आधीही विचारतं. त्यात नेहमीचा प्रश्न असा, की घरात छोटा डीप फ्रीजर घ्यावा काय, आणि घ्यायचा तर केवढा? डीप फ्रीजर म्हणजे तो पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा, आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसला. आज त्याबद्दलच बोलूया.

दुकानात पाय ठेवला की पहिला सवाल येतो, “किती लिटरचा दाखवू?” याचं उत्तर घरातूनच ठरवून जायचं. त्यासाठी स्वयंपाकघरात जी बाई रोज उभी असते, तिला विचारा, वर्षभरात काय काय साठवायचंय? आपल्याकडं थंडीत मटार स्वस्त होतो. दहा किलो शेंगा सोलल्या तर दाणे चार-साडेचार किलो निघतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच गार पाण्यात काढले, निथळून पिशव्या भरल्या, की पुढच्या थंडीपर्यंत हिरवेगार राहतात. एप्रिल-मे महिन्यात आंब्याचा रस. खानापूरकडच्या मंडळींचे फणसाचे गरे. खोवलेलं खोबरं, मटणाचं वाटण, तुपासाठी साठवलेलं लोणी. कच्चा बटाटा आणि आपल्या पश्चिम भागातली रताळी मात्र फ्रीजरात घालू नका, गोठून सुटल्यावर मऊ, पाणचट होतात. पोत्यातच बरी.

आणि मासळी. बेळगावची मासळी घाट चढून येते, गोव्याकडून, कारवारकडून, मालवणकडून. कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळं खाणारी घरं मे महिन्यातच भरून ठेवायला बघतात. भरा, पण बांगडा, तारली असली तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवा. नंतर तिला खवट वास येतो. गोठलेली असली तरी येतो.

हे सगळं मांडून बघितलं तर चार-पाच माणसांच्या घराला 100 लिटर भरपूर झालं. पिशव्या चपट्या करून नीट रचल्या तर त्यात 35-40 किलो माल बसतो. “जरा मोठाच असू दे” म्हणून 200 लिटरचा आणलेला फ्रीजर अर्धा रिकामा आणि अर्ध्यात शिळं, असं मी किती घरांत बघितलंय. रिकाम्या जागेलाही वीज लागतेच की. शिवाय छोट्या मशीनमध्ये एका दिवसात माल कोंबायचा नसतो. 100 लिटरला दिवसाला चार-पाच किलो ताजा माल, बास. एकदम पंधरा किलो मटार घातला तर मधले दाणे गोठायला दोन दिवस लागतात, आणि आधीचा मालही सैल पडतो. आत उणे 18 डिग्री टिकली पाहिजे, हा साधा हिशोब. एक साधा थर्मामीटर आत टाकून ठेवा.

झाकण काचेचं की पत्र्याचं? घरासाठी पत्र्याचं. काच दुकानदाराला लागते, गिऱ्हाइकाला माल दिसावा म्हणून. काचेतून उष्णता आत जाते आणि मीटर फिरतं. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की थंड हवा खाली सांडते. पेटीत ती हौदातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते, पेटी घ्यायचं खरं कारण हेच आहे. तोटा एकच, वाकावं लागतं. घरातली बाई बुटकी असेल तर खोल पेटीच्या तळाची पिशवी काढताना तिची कंबर जाते. दुकानातच तिला उभं करून तळाला हात पोचतो का बघा. नवरे ह्या बाबतीत अंदाजानं बोलतात.

आता विजेचं. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याच्या कामाचं नाही. आपल्यापैकी बऱ्याच घरांना 2023 पासून गृहज्योतीचा, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचा, लाभ मिळतोय. लोक समजतात, 200 युनिट फुकट. तसं नाही. 2022-23 साली तुमचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता, त्यावर दहा टक्के मिळवून तुमची मर्यादा ठरलेली आहे. (अगदी कमी वापराच्या घरांना टक्क्यांऐवजी दहा युनिट जास्त, असा बदल नंतर झाला.) समजा सरासरी 120 होती, तर फुकट 132. त्यात फ्रीजरचे महिन्याला तीस-पस्तीस युनिट पडले, तर 132 च्या वरचे पैसे भरा. हे परवडतं. पण सरासरी 160 असलेल्या घराची मर्यादा 176. तिथं फ्रीजर आला, वापर 195 वर गेला, आणि उन्हाळ्यात पंखे-कूलर लागून 205 झाला, तर 200 ची हद्द ओलांडली म्हणून त्या महिन्याचं पूर्ण बिल अंगावर येतं, वरच्या पाच युनिटांचं नव्हे. म्हणून गेल्या वर्षभरातली हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, बिलं काढा, विशेषतः मार्च ते मेची, आणि फ्रीजरच्या कॅटलॉगात 24 तासांचे युनिट किती लिहिलेत ते विचारा. स्टार लेबलावर वर्षाचा आकडा असेल तर बाराने भागा. पत्र्याच्या झाकणाचा 100 लिटरचा फ्रीजर दिवसाला एक युनिटाच्या आसपास खातो. दोनशेच्या काठावर असलेल्या घरानं दोन हजार रुपये जास्त देऊन कमी युनिटचा घेतला तरी चालेल, पैसे वसूल होतात.

लाईट जाण्याचं काय? शहरात तास-दोन तास. पण जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की दोन दिवसांची खात्री नाही. पूर्ण भरलेली पेटी झाकण न उघडता साधारण 48 तास तग धरते, अर्धी भरलेली 24 तास. तेव्हा रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, तोंडाशी जागा सोडून, नाहीतर फुटतात. आणि एक वाटी पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. गावाहून परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाला दिसलं, तर तुमच्या मागं सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मासळी बिनबोभाट टाकून द्या. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर फ्रीजर चालवायच्या भानगडीत पडू नका, कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका घेतो तो त्याला झेपत नाही. व्होल्टेज खालीवर होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर घ्या, लाईट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून चालू होणारा. लगेच चालू झालेला कॉम्प्रेसर जळतो, आणि मग माझ्यासारख्याला फोन.

फोन कुणाला लागणार, तेही आधी विचारा. निपाणी, संकेश्वरकडची मंडळी कोल्हापुरात खरेदी करतात, दर बरा मिळतो. वॉरंटी दोन्हीकडं चालते, पण मेकॅनिक तुमच्या पिनकोडला कुठल्या गावातून येतो? पैसे देण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन लावून तुमचा पिनकोड सांगा. आणखी एक, बरेच डीप फ्रीजर दुकानाच्या वापराचे म्हणून विकले जातात, तेव्हा वॉरंटीचं कार्ड वाचून घ्या, कॉम्प्रेसरला किती वर्षं आणि बाकीला किती.

घरी आणल्यावर भिंतीपासून चार बोटं नव्हे, वीतभर लांब ठेवा. ह्या पेट्यांची बाजू गरम लागते, लोक घाबरतात. गरम होणारी नळी पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, बिघाड नव्हे. पावसाळ्यात तळ गंजू नये म्हणून खाली स्टँड घाला. मागच्या पट्टीवर आर-600ए लिहिलं असेल तर आतला गॅस पेट घेणारा आहे, दुरुस्तीला येणाऱ्याला ते आधी दाखवा.

आत बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की बंद करून वितळवा, तळाचं बूच काढलं की पाणी जातं. घाई झाली म्हणून सुरीनं, उलथन्यानं खरवडू नका. गार करणारी नळी त्याच भिंतीच्या आत असते. सुरीचं टोक लागलं की फुस्स आवाज येतो, गॅस गेला. भिंत फोडल्याशिवाय ती नळी सांधता येत नाही, आणि भिंत फोडून केलेलं काम फारसं टिकतही नाही. झाकण उघडून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात बर्फाचे पापुद्रे आपोआप सुटून येतात.

नमस्कार.