अंबाबाईच्या हातात काय आहे?

(नवरात्र व्याख्यानमाला, कोल्हापूर. भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय आहे 'सप्तशतीतील देवीरूपांचा अर्थ'. पण आधी मी तुम्हाला महाद्वार रोडवरच्या एका फोटोच्या दुकानात नेणार आहे.

मला अंबाबाईच्या मूळ मूर्तीचा फोटो हवा होता. किरीट नाही, शालू नाही, नुसती मूर्ती. दुकानदार म्हणाला, "सर, तो ठेवून काय करू? लोकांना ही अंबाबाई वाटतच नाही." तरी मागून एक शोधून दिला. शेजारी बाहेरगावचं एक कुटुंब होतं. त्यांना हातातून सोन्याची नाणी सांडणारी देवी हवी होती. त्यातल्या सासूबाई माझ्या हातातल्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हिच्या हातात लिंबू का हो?"

एवढा चांगला प्रश्न मला विद्वानांच्या सभेतही कुणी विचारलेला नाही! मी त्यांना तिथंच उभं करून सांगायला लागलो. मागं गिऱ्हाईक खोळंबलं, सूनबाई घड्याळ बघू लागल्या, पण सासूबाई हलल्या नाहीत. ते लिंबू नव्हे, म्हाळुंग, लिंबाच्याच जातीचं मोठं फळ. उजव्या खालच्या हातात म्हाळुंग, वरच्या हातात गदा. डाव्या वरच्या हातात ढाल आणि खालच्या हातात पानपात्र, म्हणजे पिण्याचं भांडं. नाणं एकाही हातात नाही. माझी तक्रार कॅलेंडर छापणाऱ्यांबद्दल कमी आणि आपल्याबद्दल जास्त आहे. आपण कोल्हापूरचे. रांगेत तासन् तास उभे राहतो आणि समोर गेल्यावर डोळे मिटून मागणं मागतो. बघतच नाही! (टाळ्या) टाळ्या नकोत, उद्या दर्शनाला जाल तेव्हा डोळे उघडे ठेवून बघा.

किरणोत्सवाचंही तेच. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पाय, कंबर, मुख अशी चढत जातात. सगळं गाव बघतं की किरणं कुठवर पोहोचली. ज्या हातांवरून ती गेली, त्यांची चर्चा होत नाही. मंदिराच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग नावाचं शिवलिंग आहे, तिथं इथल्या किती जणांनी माथा टेकलाय? हं, चार-पाच हात. असो. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, आणि पालखीला तर आपल्या सगळ्यांनाच जायचंय.

तर मूळ मुद्दा. सप्तशती म्हणजे मार्कंडेय पुराणातले 13 अध्याय. बहुतेक घरांत तेरावा संपला की पोथी बासनात जाते. आपली देवी मात्र त्याच्या पुढच्या पानांवर, पाठाला जोडलेल्या तीन 'रहस्यां'पैकी प्राधानिक रहस्यात आहे: 'मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती', म्हणजे म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र धारण करणारी. तिच्या मस्तकावर नाग, लिंग आणि योनी आहेत, असं पुढची ओळ सांगते. हे वर्णन आपल्या मूर्तीशी वस्तूगणिक जुळतं.

टीकाकार अर्थ लावतात तो थोडक्यात सांगतो. म्हाळुंग म्हणजे कर्मांची रास. गदा ही क्रियाशक्ती, ढाल ही ज्ञानशक्ती. पानपात्र म्हणजे तुरीय, जागृती-स्वप्न-सुषुप्तीच्या पलीकडची अवस्था. नाग काळ, योनी प्रकृती, लिंग पुरुष. बियांनी गच्च भरलेलं फळ एका हातात आणि त्या सगळ्यातून सुटण्याचं पात्र दुसऱ्या हातात. बांधणारी तीच, सोडवणारीही तीच, मधे कुणी दलाल नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आता त्या नेहमीच्या वादाबद्दल, कारण प्रश्न येणारच. अंबाबाई विष्णुपत्नी की नाही? रहस्य काय सांगतं बघा. महालक्ष्मी, म्हणजे आपली अंबाबाईच, त्रिगुणमयी, सर्वांच्या आधीची. तिनंच तमोगुणातून महाकालीचं आणि सत्त्वगुणातून महासरस्वतीचं रूप घेतलं. मग तिघींनी एकेक जोडी निर्माण केली. महालक्ष्मीपासून ब्रह्मा आणि लक्ष्मी, महाकालीपासून रुद्र आणि सरस्वती, महासरस्वतीपासून विष्णू आणि गौरी. पुढं सरस्वती ब्रह्मदेवाला, गौरी रुद्राला आणि लक्ष्मी विष्णूला दिली. देणारी कोण? महालक्ष्मी! या ग्रंथाप्रमाणं विष्णूची लक्ष्मी ही हिची लेक. तिरुपतीहून, विष्णूच्या देवस्थानातून, शालू येतो तो प्रेमानं येतो, त्याला माझा नमस्कारच आहे. पण त्यावरून आदिशक्तीला कुणाची रुसून आलेली बायको एवढीच ठरवू नका. आपल्या देवळात महाकाली आणि महासरस्वती तिच्या दोन बाजूंना आहेत, ती मांडणी याच विचाराची आहे.

वैकृतिक रहस्यातली अठरा हातांची महालक्ष्मी राहिली, ऋग्वेदातली वाक्, म्हणजे वाणीची देवी, राहिली. वेळ संपली. यंदाच्या पाठात तेराव्या अध्यायावर थांबू नका, तिन्ही रहस्यं वाचा. संस्कृत जड वाटलं तर मराठी अर्थासकट पोथ्या मिळतात, आणि अडलं तर पालखी झाल्यावर मी गरुडमंडपापाशी थांबतो, तिथं विचारा.