नळीखालचा नंबर

[दृश्य: हिरव्या बनातीवर रिव्हॉल्व्हर. डावी बाजू कॅमेऱ्याकडे.]

गोळ्यांच्या फिरत्या सिलिंडरच्या खाली, चौकटीच्या (फ्रेमच्या) डाव्या अंगाला दोन अक्षरं ठोकलेली आहेत. यू आणि एस. म्हणजे माल सरकारी.

हे कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. १८७३ मध्ये अमेरिकी लष्कराने घोडदळासाठी स्वीकारलं. पॉइंट ४५ कॅलिबर, साडेसात इंची नळी. १८९१ पर्यंत सरकारने अशी सुमारे ३७ हजार रिव्हॉल्व्हर घेतली. आज त्यातलं एखादं घ्यायला निघालं, की विकणारा आधी गोष्ट सांगतो: अमुक तुकडी, तमुक लढाई, आजोबांच्या पेटीत सापडलं. गोष्ट ऐकून घ्यावी. भाव मात्र लोखंड बघूनच करावा.

[दृश्य: हात. घोडा मागे ओढल्याचा आवाज.]

सगळ्यात आधी रिकामं आहे ना, ते तपासायचं. घोडा अर्ध्यावर आणायचा, उजवीकडची झडप उघडायची, सिलिंडर बोटाने फिरवत सहाही घरं बघायची. मग नंबर. तो वरवर तीन ठिकाणी दिसतो: चौकटीच्या पोटाला, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या पट्टीवर बुडाशी. तिन्ही जुळले म्हणून हुरळून जायचं कारण नाही. बनावट करणाराही आधी हेच तीन जुळवतो.

[दृश्य: नळीच्या उजव्या बाजूची बारीक नळकांडी, अगदी जवळून.]

रिकामी काडतुसं बाहेर ढकलायची ही नळकांडी. ती एकाच स्क्रूवर बसते. स्क्रूची खाच भिंगाखाली बघा. कडा फाटल्या असतील, तर तुमच्या आधी इथे कुणाचा तरी हात फिरलाय. पातं खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या. सैल पातं घसरलं, की शंभर वर्षं सांभाळलेली खाच एका झटक्यात जाते.

नळकांडी निघाली, की नळीची झाकलेली पट्टी दिसते. सुरुवातीच्या घोडदळी नगांवर नंबर इथे, नळीवरही आहे आणि सिलिंडरवरही. या पट्टीला हवा, घाम, तळहात लागलेला नसतो, म्हणून मूळ निळं पॉलिश टिकलं तर इथेच टिकतं. बाकी नळी करडी आणि इथे गडद निळं, तर शुभशकुन. सगळीकडे एकसारखं चकचकीत असेल, तर भोकांकडे बघा: पॉलिशच्या चाकावर घासलेल्या लोखंडात स्क्रूच्या भोकाच्या कडा वाटीसारख्या खोलगट होतात, अक्षरांची टोकं बोथट होतात.

[दृश्य: अक्रोडाची मूठ, तिरक्या उजेडात.]

लाकडावर छोट्या चौकोनात सरकारी निरीक्षकाची आद्याक्षरं. ओ, डब्ल्यू, ए असतील तर ऑरव्हिल एन्सवर्थ, म्हणजे अगदी सुरुवातीचा माल. किंमत इथे चढते, म्हणून खोटे शिक्केही इथेच जास्त. मूठ झिजून गुळगुळीत आणि शिक्का मात्र काल मारल्यासारखा, हे जमत नाही. शिपायाच्या तळव्याने दोन्ही सारखंच झिजायला हवं.

आता एक गंमत. १८९५ नंतर सरकारने यातली बरीच रिव्हॉल्व्हर परत मागवून नळी साडेपाच इंचांवर आणली. संग्राहक त्यांना आर्टिलरी, म्हणजे तोफखान्याची, म्हणतात. ती खोलताना भाग एकमेकांत मिसळले. त्यामुळे घोडदळी नगात न जुळणारा नंबर संशयाचा, तर आर्टिलरीत बहुधा तोच खरेपणाचा.

[दृश्य: कोल्ट कंपनीचं पत्र.]

कोल्टच्या दप्तरात पाठवणीच्या वह्या आहेत. नंबर कळवून फी भरली, की नोंद सापडल्यास पत्र येतं: कॅलिबर, नळीची लांबी, पॉलिश, कुणाला पाठवलं, कधी, त्या खेपेत किती नग. पण पत्र बोलतं ते नंबराबद्दल. तुमच्या टेबलावरच्या लोखंडावर तो नंबर कुणी ठोकला, हे वहीला माहीत नसतं. शिवाय सरकारी नगाचा माग बऱ्याचदा लष्कराच्या दारातच थांबतो. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेलेला अमेरिकी अधिकारी कस्टर, त्याच्या तुकडीकडे जी रिव्हॉल्व्हर होती, त्यांच्या जवळपासचा नंबर म्हणून दुप्पट भाव सांगतात. जवळपासचा म्हणजे तिथला नव्हे.

[दृश्य: एल पासो शहराचं जुनं छायाचित्र.]

माग पक्का असला की काय होतं, ते नंबर ५५०९३ ने दाखवलं. हे सरकारी नव्हे, साधं बाजारातलं कोल्ट. शेरीफ पॅट गॅरेटने १८८० च्या डिसेंबरात बिली विल्सन या गुंडाला पकडलं, तेव्हा ते गॅरेटच्या हाती आलं. १४ जुलै १८८१ च्या रात्री फोर्ट समनरला त्याच रिव्हॉल्व्हरने त्याने कुख्यात गुंड बिली द किडला मारलं. पुढे ते एल पासोत टॉम पॉवर्सच्या दारूच्या गुत्त्यात मांडलेलं होतं. पॉवर्स वारल्यावर गॅरेटच्या विधवेने ते आपलं म्हणून दावा लावला आणि जिंकली. त्या भांडणाने मालकी कोर्टाच्या कागदावर आली. २०२१ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात ते ६० लाख ३० हजार डॉलरला गेलं.

[दृश्य: पुन्हा टेबल.]

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार अँटिक धरतात, म्हणजे सगळी घोडदळी कोल्ट त्यात बसतात. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे. तिथल्या मराठी संग्राहकाने ते गावी आणायचा बेत करू नये. भारतात चालू स्थितीतलं हत्यार कितीही जुनं असो, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि आयातीचाही वेगळा.

नळकांडी परत बसवण्याआधी त्या पट्टीचा फोटो घ्या, नंबर वाचता येईल असा, आणि पावतीला जोडून ठेवा. मग तेलाचा एक थेंब. ब्रासो नको, पॉलिश पेपर तर नकोच. स्क्रू घट्ट बसला की हात थांबवा.