फौजेत न गेल्याचं बिल

नमस्कार श्रोतेहो. आधी एक जर्मन शब्द ऐका, एका दमात म्हणून बघतो: वेअरप्फ्लिख्टएर्झाट्सआबगाबे. हुश्श! अर्थ सोपा आहे, सैन्यात न गेल्याबद्दलचा कर. स्वित्झर्लंडचं नागरिकत्व घेतलेल्या तरुणाच्या टपालपेटीत हा शब्द एक दिवस बिलाच्या माथ्यावर छापून येतो.

तिथल्या राज्यघटनेच्या ५९व्या कलमाने प्रत्येक पुरुषाला सैनिकी सेवा सक्तीची आहे; बायकांना ऐच्छिक. सेवा न करणाऱ्याने पैसे भरायचे, करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, पण ४०० फ्रँकपेक्षा कमी नाही. ८० हजार फ्रँकांवर वर्षाला २,४००. सदतिशीपर्यंत, जास्तीत जास्त ११ वर्षं.

आता समजा, पुण्याचा एक इंजिनियर. झुरिकमध्ये दहा वर्षं काढली, भाषेची परीक्षा दिली, भारतीय पासपोर्ट परत केला आणि बत्तिसाव्या वर्षी स्विस झाला. लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन. तो म्हणतो, "मला फौजेत घेणारच नव्हते, मग कर कसला?" इथेच घोळ होतो. चोविशी उलटल्यावर नागरिक झालेल्याला सहसा भरतीला बोलावतच नाहीत. त्याची साखर किती, हे कुणी विचारत नाही. सेवा झालेली नाही, एवढंच कचेरी बघते. अपंगत्वाचं पेन्शन घेणारा सुटतो. गंभीर अपंगत्व आणि उत्पन्न तुटपुंजं, असाही सुटतो. पण सकाळी सुई टोचून आठ वाजता कामावर हजर होणाऱ्याला यात बसवणं अवघड.

हेच दुखणं एकाने पार फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या युरोपीय न्यायालयात नेलं. स्वेन ग्लोर, ट्रकचालक, तोही मधुमेही. १९९७मध्ये सैन्याच्या डॉक्टरांनी त्याला अपात्र ठरवलं, आणि त्याला तर फौजेत जायचं होतं! पुढे ७१६ फ्रँकांचं बिल आलं, कारण अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे आम्ही तुला घेणार नाही, आणि आला नाहीस म्हणून पैसे टाक. ३० एप्रिल २००९ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. पुढे अशा अपात्रांना, इच्छा असेल तर, झेपेल अशा कामाची सेवा करायची वाट उघडली.

पण ती वाट भरतीच्या दारातून जाते, आणि आपला इंजिनियर त्या दारापर्यंत पोचतच नाही. शेजारच्या स्विस पोराने १८ आठवडे रिक्रूट शाळेत घाम गाळला, तेव्हा हा पगार कमावत होता, असंही कुणी म्हणेल. मान्य. तरी ज्याला कधी विचारलंच नाही, त्याच्याकडून "आला नाहीस" म्हणून वसुली करणं मला खटकतं.

असं बिल आलं तर ड्रॉवरमध्ये टाकू नका. ३० दिवसांत लेखी हरकत घेता येते, कँटनच्या (म्हणजे तिथल्या राज्याच्या) कचेरीकडे. डॉक्टरांचं पत्र जोडा. नुसतं "मधुमेह आहे" एवढ्यावर भागत नाही. रोजच्या जगण्यात नेमकं काय अडतं, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.